आधी नळी, मग डाग

मार्गशीर्ष लागला की जळगावात संध्याकाळच्या सुमारास कुठून ना कुठून पऱ्हाटीचा धूर येतोच. आमच्या इमारतीसमोर एक मोकळा प्लॉट आहे. तिथे कोणीतरी कापसाच्या वाळक्या काड्या पेटवतं, वर हिरवी-पांढरी लांबोडकी वांगी रचतं, आणि तिसऱ्या मजल्यावर माझं लक्ष पोथीवरून उडतं. गॅसवर भाजलेल्या वांग्याच्या पदार्थाला मी भरीत म्हणत नाही. सून म्हणते, "आई, चव तीच असते हो." पोर मनाने चांगली आहे.

पण मला त्या धुरात आणखी एक वास येतो, जो प्लॉटवरच्या कोणालाच येत नसणार. राळेचा. तारा जोडायच्या तापलेल्या कांडीवर कथील वितळताना राळेची जी निळसर वाफ निघते ना, तिचा. गोडसर, थोडा घशात बसणारा. पऱ्हाटी आणि राळ हे दोन वास एकत्र यायला आपण धरणगावात, आमच्या सासरच्या अंगणात, ऐंशीच्या दशकाच्या शेवटच्या थंडीत असायला हवं. दरवर्षी मी मिनिटभर तिथे जाऊन येते. यंदा जरा जास्त वेळ रेंगाळले, म्हणून हे लिहिते आहे.

मी धुळ्याची. लग्न होऊन धरणगावात आले त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. आमच्या ह्यांचं घराच्या पुढच्या खोलीतच रेडिओ दुरुस्तीचं दुकान, आणि लग्नाकार्याला लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचा जोडधंदा. दोन कर्णे, एक माईक, आणि सगळ्यांचा राजा असा एक व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर. बंद पडलेल्या एका तंबू थिएटरच्या सामानातून ह्यांनी तो आणला होता. तोवर तालुक्याला ट्रान्झिस्टरचे हलके, चपटे अ‍ॅम्प्लिफायर आले होते, पण ह्यांचा जीव ह्याच्यावरच. बटण दाबलं की तो लगेच बोलायचा नाही. आधी काचेच्या नळकांड्यांत, म्हणजे त्या व्हॉल्व्हमध्ये, हळूहळू नारिंगी उजेड यायचा, शेगडी फुलते तसा, आणि मग कर्ण्यातून खोल श्वास घेतल्यासारखा आवाज. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला. ह्यांना तेव्हा अजून आवडून घेत होते.

वरून जितका देखणा, तितकाच तो खालून भयंकर होता. पालथा केला की पोटात तारांचं रान. जिथे तार तारेला जोडली आहे तिथे कथलाचा चमकता थेंब. त्याला दुकानात डाग म्हणायचे. असे डागच डाग, आणि सगळे उघडे! तंबूवाल्याकडे बहुधा जो येई तो आपल्या मनाने एक तार जोडून जाई. कशाला काही पांघरूण म्हणून नाही. वर हा धंदा फिरतीचा. सायकलच्या कॅरिअरवर, बैलगाडीत, खड्ड्याखड्ड्यांतून हा बिचारा आदळत जायचा, तारा हलायच्या, वाकायच्या, एकमेकींना शिवायच्या. शिवाय आमचं गाव कापसाचं. जिनिंग सुरू झालं की हवेत कापसाचे तंतू तरंगतात, ते भाकरीवर बसतात, भुवयांवर बसतात, आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात तर जळमटासारखे लोंबतात.

त्याचा प्रसाद आमच्या सासूबाईंना मिळाला होता. त्यांना सगळं गाव अक्का म्हणायचं, मीही अक्काच म्हणायचे. आदल्या वर्षी शेजारच्या हळदीला बायकांनी आग्रहाने त्यांच्या हातात माईक दिला. अक्कांनी तो अगदी ओठांजवळ नेला, आणि पहिला सूर लागायच्या आत त्यांच्या ओठांना असा झटका बसला की माईक एकीकडे, अक्का एकीकडे. सगळ्या मांडवात हशा. अक्का तशा भित्र्या नव्हत्या, विंचू चपलेने मारणाऱ्या होत्या. पण ते हसू त्यांना लागलं.

"हाऊ मशीन चावस!" त्या म्हणाल्या, आणि तेव्हापासून दुकानातून जाताना पदर आवरून जाऊ लागल्या, जणू अ‍ॅम्प्लिफायर उठून अंगावर येईल.

अक्कांचा आवाज मी शब्दांत कसा सांगू? रुंद होता. जात्यावर बसून कमावलेला. पण तो एकटा कधी ऐकू यायचा नाही. त्याला जोडी होती जिजीची. जिजी म्हणजे अक्कांची सख्खी थोरली बहीण, आमच्याच गल्लीत, अगदी टोकाच्या घरात दिलेली. एक ओळ अक्कांनी म्हणायची, पुढची जिजीने. गावातली कुठलीही हळद या दोघींशिवाय अंगाला लागली नव्हती. आणि दोघींचं गाण्यावरून जन्माचं भांडण! हळदीच्या एका गाण्यात मामा आधी येतो की मावशी आधी येते, यावर त्यांचं कधीच एकमत झालं नाही. दोघी आपल्या आईची शपथ घेऊन सांगत, आणि आई एकच. गाता गाता त्या ओळीशी आल्या की थांबायच्या, भांडायच्या, नवरी हळद लावून ताटकळत बसायची. लोक ते भांडण ऐकायलाच यायचे असा मला दाट संशय आहे.

त्या वर्षी आमच्या कल्पनाचं, म्हणजे माझ्या नणंदेचं, लग्न मार्गशीर्षात ठरलं. आणि दिवाळीनंतर जिजी धाब्यावरून, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवरून, पऱ्हाटी काढताना घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं. ताण म्हणून पायाला विटा टांगून तिला ओसरीवरच्या खाटेवर निजवलं. डॉक्टरांनी हलवायचं नाही म्हणून बजावलं होतं. कोणीतरी खाटेसकट उचलून मांडवात आणू म्हणालं, तर तिने उशाचा तांब्या फेकून मारला. मी दूध घेऊन गेले तेव्हा मात्र माझा हात धरून म्हणाली, "मी नही उनी तरी चाली. पन गाना मले ऐकू येवाले जोयजेत."

मी घरी येऊन अक्कांना ते सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. निवडतच राहिल्या. गल्लीच्या टोकापर्यंत आवाज पोचवण्याचे त्यांचे दिवस सरले होते, हे त्यांना माहीत होतं. कर्णा लावल्याशिवाय जिजीला ऐकू जाणार नव्हतं, आणि कर्णा म्हणजे माईक. बऱ्याच वेळाने सूप बाजूला ठेवून त्यांनी ह्यांना हाक मारली.

"भास्कर, पहिले त्याना दात झाका. मंग मी गासू."

तर असं ते काम आमच्या घरावर आलं. दात झाकायचे.

आता सांगते ती चूक आमच्या खान्देशातच होऊ शकते. सायकलच्या ट्यूबची रबरी नळी घालता येईल, पण व्हॉल्व्हच्या धगीने ती वितळते, हे ह्यांना ठाऊक होतं. मग काय घालायचं? अक्कांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, कापूस! आमच्याकडे कशालाही कापूस. जखमेवर कापूस, कानात कापूस, देवाला कापसाचं वस्त्र, बाळंतिणीला कापसाची गादी. घरात नवा वेचलेला पांढराशुभ्र कापूस कोठीभर पडलेला. अक्का मांडी घालून बसल्या आणि सुबक, बारीक वाती वळू लागल्या. ह्यांनी त्या एकेका डागावर गुंडाळल्या, वरून दोऱ्याने बांधल्या. पुढे पुढे अक्कांना हुरूप येऊन त्यांनी देवासाठी करतात तशी वस्त्रमाळच केली, मध्ये मध्ये कुंकवाची बोटं लावून. ह्यांनी तीही घातली. पालथा अ‍ॅम्प्लिफायर हरतालिकेच्या चौरंगासारखा दिसत होता. मी हसू दाबायला स्वयंपाकघरात निघून गेले.

दुपारभर तो उत्तम वाजला. झटका नाही, खरखर नाही. आम्ही अक्कांचं कौतुक केलं, आणि तो तसाच अंगणातल्या मांडवाखाली राहू दिला. पहाटे दंव पडलं. कापूस दंव पिऊन टम्म. सकाळी ह्यांनी बटण दाबलं तर कर्ण्यातून फोडणी घातल्यासारखा चुर्रर्र आवाज, मग बारीकसा धूर, आणि करपलेल्या वातीचा वास. कुंकू लावलेली माळ काळी पडलेली. अक्का पायरीवर उभ्या होत्या. आत जाऊन त्यांनी देवापुढचा दिवा नीट केला, आणि मला त्यांच्या पाठीकडे बघून वाईट वाटलं. लग्न तोंडावर आलेलं. जिजी रोज कोणाकडून तरी निरोप पाठवायची, "मशीन झाये का?"

लग्नाच्या साड्या घ्यायला धुळ्याला जायचं होतंच. एरंडोल, पारोळा करत एसटीने निघालो, मी आणि अक्का. खिडकीबाहेर वेचून झालेली शेतं, बोंडांत कुठेकुठे राहिलेला कापूस. मला माहेरची ओढ होती, पण अक्कांनी स्टँडवर उतरल्या उतरल्या साड्यांचं नाव न काढता विचारलं, "मोटरी भरतंस ती दुकान कथी शे?" रात्रभर त्यांनी विचार केला होता. विहिरीवरच्या मोटरी पाण्याशेजारीच चालतात ना, मग त्यांच्या तारांना काय घालत असतील? हे मला सुचलं नव्हतं, ह्यांनाही नाही, आणि नंतर ह्यांनी ते आपल्यालाच सुचल्यासारखं बऱ्याच लोकांना सांगितलं.

आग्रा रोडवर ट्रकांच्या घरघराटात मोटरी भरण्याचं, म्हणजे रिवाइंडिंगचं, एक अंधारं दुकान होतं. दुकानदार भाऊंनी पिवळट रंगाच्या, वार्निश दिलेल्या कडक नळ्यांचं भेंडोळं काढून दिलं. अक्कांनी एक तुकडा घेतला, दातांनी चावून पाहिला, मग कनवटीची काडेपेटी काढून भर दुकानात त्याखाली काडी धरली. नळी काळवंडली, पेटली नाही.

"अक्का, बिनधास्त न्या," भाऊ म्हणाले. "विहिरीवरच्या मोटरीत घालतो आम्ही. दहा वर्षं बघावं लागत नाही."

"तुमनी मोटर काय गाना गास का?" अक्का म्हणाल्या.

भाऊंनी भेंडोळं कागदात बांधून दिलं. साड्या मग घाईघाईत घेतल्या. त्यातली मोरपिशी कल्पनाला कधीच आवडली नाही, अजून बोलून दाखवते.

आणि मग ती दुपार. अंगणात ऊन असं की पाठ शेकावी आणि सावलीत हात गार पडावेत. एका कोपऱ्यात अक्कांनी पऱ्हाटी पेटवून वांगी टाकलेली, कारण कामाच्या दिवशी दुसरा स्वयंपाक कोण करतो? दुसऱ्या कोपऱ्यात पाटावर पालथा अ‍ॅम्प्लिफायर, आणि त्याच्या दोन बाजूंना आम्ही दोघं. ह्यांचा अंगठा जाडजूड, त्या तारांच्या रानात जायचा नाही. माझी बोटं जायची. असा मला पहिल्यांदा दुकानात प्रवेश मिळाला.

ह्यांनी आधी नियम सांगितले. वायर काढली म्हणून मशीन मेलं असं समजायचं नाही, कंडेन्सर पोटात वीज धरून ठेवतो, ती आधी उतरवायची. आणि चालू मशीनला हात लावायची वेळ आलीच तर एकच हात पुढे, दुसरा कमरेमागे. म्हणजे झटका बसला तरी एका हातातून दुसऱ्या हातात, छातीतून जात नाही. हे स्वतः कायम तसेच उभे राहायचे, एक हात पाठीमागे, कवायतीतल्या मास्तरांसारखे. मला वाटायचं ऐट आहे. त्या दिवशी कळलं की प्रश्न जिवाचा आहे.

काम असं होतं. एकेक डाग तापवून सोडवायचा, तारेत पिवळी नळी ओवायची, तार परत जोडून नवा डाग द्यायचा, गार झाला की नळी सरकवून त्यावर ओढायची. परकरात नाडा ओवण्यात माझा हात कोणी धरला नसता, त्यामुळे नळी ओवणं मला सोपं गेलं. अवघड होतं ते लक्षात ठेवणं. कारण नळी आधी घालावी लागते. डाग देऊन झाला की मग नळीला आत शिरायला वाट नसते. ह्यांनी इतका सुरेख, चांदीच्या टिकलीसारखा डाग द्यावा, फुंकर घालावी, कौतुकाने बघावं, आणि मग कपाळावर हात मारावा. नळी राहिली! पुन्हा तापवा, पुन्हा सोडवा. असं इतक्यांदा झालं की मी पहाराच ठेवला. ह्यांनी कांडी उचलली रे उचलली की मी म्हणायची, "नळी?" ते थांबायचे, जीभ चावायचे, नळी घालायचे. पलीकडून वांगी परतवता परतवता अक्काही आपल्या अहिराणीत ओरडू लागल्या, "भास्कर, नयी?"

एका कोपऱ्यातला डाग सोडवताना ह्यांनी मला जवळ बोलावलं. तिथली एक उघडी तार वाकून लोखंडी सांगाड्याला टेकत होती, टेकायची तिथे काळा ठिपका पडला होता. खड्डा लागला की शिवायची, नाहीतर सुटी राहायची. "अक्काला चावला तो हा," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात असा राग होता, जणू कोणी आईला मारणाऱ्या माणसाबद्दल बोलत असावं. त्या डागावर त्यांनी एकावर एक अशा दोन नळ्या घातल्या.

सरळ सांगते, त्या दुपारी मी आमच्या ह्यांच्या प्रेमात पडले. लग्न आधीच झालेलं असल्यामुळे सोय झाली. आमच्यातही तसा डाग आधी आणि नळी नंतरच होती, पण आमचं निभावलं.

ऊन उतरताना काम संपलं. अक्कांनी चष्मा लावून, तांदळातले खडे बघावेत तसा तो पोटातला पिवळा पसारा बघितला. कुठे उघडं दिसत नाही याची खात्री झाल्यावर म्हणाल्या, "बठ्ठा झाकायना." मग आम्ही भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी खाल्ल्या. माझ्या बोटांना राळ चिकटलेली होती, घासाघासाला तिचा वास. तेव्हापासून पऱ्हाटीच्या धुराला तो वास चिकटला तो चिकटलाच.

"नळी?" हा शब्द मात्र आमच्या घरात राहून गेला. प्रवासाला निघताना कुलूप लावायच्या आधी मी ह्यांना म्हणायची, "नळी?" म्हणजे आधी करायचं काही राहिलं का. मुलगा परीक्षेला निघाला की, "नळी?" तो खिशातलं पेन चाचपायचा. सून नवीन आली तेव्हा तिला वाटलं आमच्याकडे पाण्याची फार काळजी करतात. आता हे नाहीत. अ‍ॅम्प्लिफायरही व्हॉल्व्ह मिळेनासे झाल्यावर एका हौशी माणसाने नेला, आणि नेताना तो मलाच समजावून सांगत होता की आत हात घालू नका. मी हो म्हटलं. पण परवा दवाखान्याला निघताना सून दाराशी थांबली, मला नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाली, "आई, नळी?" माझी कवळी टेबलावरच राहिली होती. म्हणून म्हणते, पोर मनाने चांगली आहे.

तर, कल्पनाच्या हळदीचा दिवस उजाडला. सकाळचं कोवळं ऊन, मांडवात बायकांची दाटी, कल्पना पाटावर. ह्यांनी एक कर्णा मांडवाला बांधला आणि दुसरा धाब्यावर चढवून, तोंड नीट जिजीच्या घराकडे करून. नारिंगी दिवे फुलले. ह्यांनी माईक पुढे केला. अक्का मागे सरकल्या.

"पहिले तू लाव तोंड," त्या ह्यांना म्हणाल्या.

साऱ्या गावच्या बायकांसमोर आमच्या ह्यांनी माईकला ओठ लावले. हशा पिकला. "आते तू," मला. मीही लावले. आणखी मोठा हशा, कारण नवऱ्याचा उष्टा माईक. मग कोणीच हसेना. अक्कांनी पदराने तोंड पुसलं, डोळे मिटले, आणि माईक ओठांशी नेला.

काही झालं नाही. माझा हात ह्यांच्या हाताला कधी लागला मला कळलं नाही.

अक्का गाऊ लागल्या. तो रुंद आवाज धाब्यावरून निघाला आणि गल्लीभर पसरला. तारेवरचे पारवे उडाले. एक ओळ झाली, आणि अक्का थांबल्या. मला वाटलं विसरल्या. पण त्या थांबल्या होत्या तिथे जिजीची ओळ होती. तेवढी जागा त्यांनी मोकळी सोडली. पूर्वीचा अ‍ॅम्प्लिफायर असता तर त्या मोकळ्या जागेत खरखर, चुरचुर भरली असती. आता कर्ण्यात काहीच नव्हतं. कान लावला तर लागेल इतकी बारीक गुणगुण. मांडवातल्या बायकाही गप्प झाल्या. आणि त्या शांततेत, गल्लीच्या टोकाकडून, पायाला विटा टांगलेल्या बाईचा चिरका, दमलेला, पण नेमका आवाज आला. जिजी तिची ओळ म्हणत होती.

कल्पना हळद लावल्या तोंडाने हमसून रडायला लागली. अक्कांनी डोळे उघडले नाहीत. पुढची ओळ कर्ण्यातून गेली, त्याच्या पुढची तिकडून आली. अशा त्या दोघी गल्लीच्या दोन टोकांवरून गात राहिल्या, आणि मधली घरं कामं टाकून ओट्यावर येऊन उभी राहिली. हळूहळू गाणं त्या ओळीशी आलं. तिकडून जिजीने मावशीला आधी आणलं.

अक्कांचे डोळे खाडकन उघडले. माईक तोंडाशीच होता.

"जिजी, चुकनी तू!" सगळ्या धरणगावाने ऐकलं.

मग टोकाकडून, हाड मोडलेल्या माणसाला शोभणार नाही अशा आवाजात उत्तर आलं, "तूच चुकनी!"

"माय काय सांगे तुले?" अक्का कर्ण्यातून गरजल्या.

ह्यांनी घाईघाईने माईक बंद करायला बटणाकडे हात नेला. मी तो धरला, आणि त्यांच्या कमरेमागे नेऊन ठेवला.